तीनदा ओढून पाहिलेलं कुलूप

कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघायचं, ही आमच्या घराची रीत. वडील तीनदा ओढायचे. मी त्यांच्याही पुढचा. तीनदा ओढून, दहा पावलं चालून, परत फिरून चौथ्यांदा ओढतो. बायको तेवढा वेळ रस्त्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना "काय, बरं हाय ना?" असं विचारत असते. एकदा असाच चौथ्या वेळी परत गेलो, तर किल्ली कुलपालाच लटकत होती. आधीच्या तिन्ही वेळा ती मला दिसली नव्हती, कारण माझं सगळं लक्ष ओढण्यात होतं. हे मी बायकोला आजवर सांगितलेलं नाही. आता लिहूनच टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्याच्यापुढं ही चूक म्हणजे काहीच नाही.

नव्वदच्या दशकात सेनगावच्या बसस्टँडसमोर माझा एसटीडीचा बूथ होता. लाकडी चौकटीत काच बसवलेली एवढीशी खोली, आत एक स्टूल, एक फोन आणि उकाडा. "खासगी बोलणे असल्यास दार लावून घ्यावे" अशी पाटी मी स्वतः रंगवून लावली होती. लोक दार लावून घ्यायचे आणि मग असे ओरडायचे की स्टँडवर जीपची वाट बघणाऱ्यांना शब्द न् शब्द ऐकू जायचा. पुण्याला बोलायचं म्हणजे आवाज पुण्यापर्यंत गेला पाहिजे, असं त्यांचं साधं म्हणणं. एखादा आतून विचारायचा, "बैल इकायचा का ठिवायचा?" आणि तिकडून उत्तर यायच्या आधी बाहेरची चार माणसं एका सुरात सांगायची, "ठिवा, ठिवा, बाजार पडलाय." मला भयंकर राग यायचा. या लोकांना खासगी म्हणजे काय ते कळतच नाही, असं मी संध्याकाळी चहावाल्याला सांगायचो, आणि पुरावा म्हणून दिवसभरात ऐकलेल्या सगळ्या भानगडीही त्याला सांगायचो.

त्याच सुमारास हिंगोलीला कॉम्प्युटरचा क्लास निघाला आणि मी त्यात नाव घातलं. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "चपला बाहेर काढा, आत व्हायरस येतो." सगळ्यांनी चपला काढल्या. मी पायही धुतले. तिसऱ्या आठवड्यात मला सर्दी झाली, तेव्हा मी चार दिवस घरीच राहिलो. उगाच यंत्राला लागण नको. परत गेल्यावर सरांना तसं कारण सांगितलं. सरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "चांगलं केलंत." मोठ्या मनाचा माणूस. पुढं त्यांनी मला सर्टिफिकेटसुद्धा दिलं.

नवं शतक लागलं, खिशाखिशात मोबाइल वाजायला लागले आणि बूथकडे कोणी फिरकेना. मग मी ती काचेची खोली मोडली, तीन कॉम्प्युटर आणले आणि 'इंटरनेट कॅफे' असा बोर्ड लावला. सर्टिफिकेट लॅमिनेशन करून दारासमोर टांगलं. त्याच्याखाली नियमांचा तक्ता. पहिला नियम 'चपला बाहेर काढाव्यात' हा होता. व्हायरस चपलेतून येत नाही हे तोवर मला कळलं होतं, पण नियम सोडवत नव्हता. दुसरा नियम 'दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावू नये'. हा मी स्वतः इतका कडक पाळायचो की माझी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली होती. गिऱ्हाइकांकडे माझी पाठ. कोणी अडलं की मी मान न वळवता तिथूनच सांगायचो, "आता एंटर दाब." लोकांना वाटायचं, सरांना न बघता दिसतं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

लोकांचे मेलचे आयडी मीच काढून द्यायचो. आयडी म्हणजे घराचा पत्ता, तो लपवायची गरज नसते, असं मी शिकवायचो. म्हणून सगळ्यांचे आयडी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावले होते, विसरले तर बघून घ्यावेत. पासवर्ड मात्र गुपित. ते सगळे माझ्या एका वहीत होते. वही ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, ते तीनदा ओढलेलं, आणि किल्ली ड्रॉवरच्या वर खिळ्याला.

मग कुठल्याशा मासिकात मी वाचलं की पासवर्ड कुठंही लिहून ठेवू नये. मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही मी बंबात घातली. अर्ध्या तालुक्याच्या पासवर्डांवर तापलेल्या पाण्यानं आंघोळ केली आणि दुकानात येऊन जाहीर केलं, "इथून पुढं आपला पासवर्ड आपल्या डोक्यात. मला सांगायचा नाही, आईबापालाही सांगायचा नाही." आठ दिवसांत निम्मे लोक पासवर्ड विसरले.

पण त्यावरही माझ्याकडे उपाय होता. पासवर्ड विसरला तर मशीन एक प्रश्न विचारतं. त्याचं उत्तर बरोबर आलं की नवा पासवर्ड टाकू देतं. प्रश्न कोणता हवा ते आपणच निवडायचं. आवडता पाळीव प्राणी, असा एक होता. पण ज्याच्या घरी चाळीस शेळ्या आहेत त्यानं कोणाचं नाव घ्यायचं? पहिले शिक्षक, असा एक होता; पण आमच्याकडे पहिले शिक्षक तीन महिने यायचेच नाहीत, मग पहिलं कोणाला धरायचं यावर वाद. राहिला तिसरा प्रश्न: आईचं लग्नाआधीचं आडनाव. हा मला एकदम पसंत पडला. मी सगळ्यांना सरसकट हाच लावून दिला. दुकानात उभा राहून म्हणालो, "सगळं विसराल, पण आईचं माहेर कोणी विसरतं का?" तिन्ही मशीनवरचे लोक "खरं हाय, खरं हाय" म्हणाले. घरी जाऊन बायकोलाही ते वाक्य ऐकवलं. तिनं फक्त "बरं" म्हटलं आणि कणीक मळत राहिली. ती त्या वेळी हसली होती, असं तिचं आता म्हणणं आहे.

त्या पावसाळ्यात, पेरण्या आटोपल्यावर, बाजारच्या दिवशी एक पोरगी आईवडिलांना घेऊन माझ्याकडे आली. साखऱ्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. पोरगी बारावी झाली होती, मार्क चांगले होते, आणि तिला नांदेडला नर्सिंग शिकायचं होतं. अर्ज भरताना पत्ता कोणता द्यावा, यावर त्यांचं अडलं होतं.

"पोस्टाचा पत्ता काहून देत न्हाईस?" मी विचारलं.

"सर, पोस्टमन कागद दुकानावर टाकतो. दुकानदार वाचतो. माझ्या हातात येईपस्तोर मामाला कळलेलं असतंय."

मामा शेजारच्याच गावचा, मोठा माणूस. विहीर, ट्रॅक्टर आणि एक लग्नाचा पोरगा. बहिणीची पोरगी आपल्या घरात सून म्हणून आणायची, हे त्यानं ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. पोरीला ते नको होतं. बाप दोघांच्या मध्ये सापडला होता. त्यानं दोन्हीकडे शब्द दिला होता, आणि तो त्यानं माझ्यासमोर पुन्हा सांगितला. "मास्तर, पोळ्यापस्तोर कागद आला तं शिकू देतो. न्हाई आला तं मामाच्या घरी तांदूळ टाकतो. मग मला कोनी बोलायचं न्हाई."

म्हणजे सगळं त्या एका कागदावर होतं. मला अंगात वीज भरल्यासारखं झालं. मी म्हणालो, "मेलवर मागव. इंटरनेटवरचा कागद फक्त तुझ्या हातात पडतो. मधे पोस्टमन नाही, दुकानदार नाही. खुद्द ब्रह्मदेव आला तरी उघडू शकत नाही." तिनं मला विचारलं, "नक्की ना सर?" मी नुसता हसलो. मग तिचा आयडी काढला, भिंतीवर लावला, पासवर्ड टाकताना पाठ फिरवली आणि तो प्रश्न लावून दिला. तिच्या आईनं आपलं माहेरचं आडनाव लाजत लाजत सांगितलं. तिन्ही मशीनवरच्या लोकांनी ते ऐकलं, आणि त्यातला एक म्हणाला, "म्हंजे तुमी त्यांच्यातल्या व्हय!"

पोरगी दर बाजाराला येऊ लागली. मेल उघडायची, काही नाही म्हणून बंद करायची, लॉगआउट केलं की पुन्हा एकदा करून बघायची. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत माझे नियम मनापासून पाळणारी ती एकटीच. मला तिचं फार कौतुक वाटायचं, म्हणजे खरं तर माझंच वाटायचं.

पोळ्याला तीन आठवडे असताना एका बाजाराला तिचा पासवर्ड लागेना. तिनं दोनदा टाकला, तीनदा टाकला. मग मान खाली घालून म्हणाली, "सर, चुकीचा म्हनून राहिला."

आणि मी तिच्यावर भडकलो. दुकान भरलेलं होतं, आणि भरलेलं दुकान दिसलं की माझ्या आतला गुरुजी जागा होतो. "एवढं सांगून विसरलीस? उद्या इंजेक्शनं देणार तू, आणि आठ अक्षरं लक्षात राहत नाहीत? कोणतं औषध कोणाला द्यायचं ते लक्षात ठेवशील का?" लोक हसले. ती म्हणाली, "सर, मी न्हाई विसरले." मी म्हणालो, "सगळे असंच म्हणतात." तिचे डोळे भरून आले होते. ते मी बघितलं, आणि तरी आणखी एक वाक्य बोललो. ते वाक्य इथं लिहीत नाही.

मग प्रश्नाचं उत्तर टाकून आम्ही नवा पासवर्ड घेतला. मेल उघडली. काही आलेलं नव्हतं. "बघ, माझ्या प्रश्नानं वाचवलं," मी म्हणालो.

पुढच्या बाजाराला काही नाही. त्याच्या पुढच्याला काही नाही. मी तिची समजूत घालायला लागलो, की मार्क कमी पडले असतील, नशिबात असतं ते होतं, मामाचं घरही वाईट नाही. हो, हेसुद्धा बोललो. सल्ला द्यायची सवय लागली की माणूस कुठं थांबावं ते विसरतो.

पोळा तीन दिवसांवर होता. बाजारात बैलांच्या झुली, घुंगरं, शिंगांचे रंग यांची झुंबड होती. पोरगी आली, मेल उघडली, आणि बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "सर, हे ट्रॅश म्हंजे काय हो?"

मी रस्त्याकडे बघत उत्तर दिलं, "कचरा. नको ते टाकायची जागा. त्यात बघायचं नसतं."

"आमची आई तं कचरा बघूनच टाकती. एकडाव तिची नाकातली फुली सापडली व्हती सुपात."

मागून माउसचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "सर, इकडं या." मी पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडून मागं वळलो.

कागद तिथं होता. नांदेडहून आलेला, तिच्या नावाचा, मुलाखतीला या म्हणून. मुलाखतीची तारीख उलटून बारा दिवस झाले होते. कोणीतरी तो आधीच उघडून वाचलेला होता आणि मग टाकून दिलेला होता.

पोरगी रडली नाही. तिनं तो कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "ब्रह्मदेव आल्ता का सर?"

मी गिऱ्हाइकांचं रजिस्टर काढलं. ते मी अगदी नेटकं ठेवायचो. तारीख, वेळ, मशीन नंबर, नाव, गाव, सही. पासवर्ड लागला नव्हता त्या बाजाराच्या आदल्या दिवशीचं पान काढलं. मशीन तीन, दुपारी अर्धा तास, मामाचा पोरगा. बाजूला माझी सही.

आणि मला सगळं आठवलं. दुपारची वेळ, दुकानात तो एकटाच. मी रस्त्याकडे तोंड करून शेंगा फोडत बसलो होतो. मागून त्यानं विचारलं होतं, "सर, इथं एक प्रश्न इचारून राहिलं. काय करू?" मी मान न वळवता म्हणालो, "उत्तर टाक आणि पुढं जा." मग त्यानं विचारलं, "मराठीत टाकू का इंग्रजीत?" मी म्हणालो, "इंग्रजीत. स्पेलिंग नीट टाक." तो म्हणाला, "झालं सर." मी म्हणालो, "शाब्बास."

तो प्रश्न होता त्या पोरीच्या आईचं माहेरचं आडनाव काय. म्हणजे तिच्या मामाचं आडनाव काय. म्हणजे त्याचं स्वतःचंच आडनाव काय. त्यानं फक्त आपलं आडनाव टाकलं होतं. ज्या माणसापासून ते दार लपवायचं होतं, त्याच माणसाचं नाव मी त्या दाराची किल्ली म्हणून बसवलं होतं, आणि मग दर बाजाराला कुलूप ओढून बघत होतो.

आता सांगायला हवं, की आमच्याकडे आईचं माहेर हे गुपित असतं असं मला त्या काळात कशावरून वाटलं, हे मलाच कळत नाही. आमच्या गावात बाईला तिच्या नावानं कोणी हाक मारत नाही, तिच्या माहेरच्या गावानं मारतात. नरसीकडून आलेली ती जन्मभर नरसीवाली. जीपमध्ये नवा माणूस बसला की सेनगाव सुटायच्या आत त्याला विचारतात, "मामाकडलं आडनाव काय?" सोयरीक जुळवायची तर आधी मामाचं कूळ बघतात. लग्नाच्या पत्रिकेत मामांची नावं आडनावांसकट ओळीनं छापतात, आणि एखाद्या मामाचं राहिलं तर तो लग्नाला येत नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात माझा एक मामा असाच रुसला होता. इतकी उघडी गोष्ट अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि मी तीच निवडून शंभरेक लोकांच्या दाराला लावली होती.

मामाचा पोरगा पोळ्याच्या आदल्या दिवशी नेहमीसारखा आला. चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला. मी खुर्चीतून ताडकन उठलो. "दुसऱ्याची मेल उघडलीस?"

"बापू म्हन्ले, बघून ये कागद आला का." बापू म्हणजे त्याचा बाप, पोरीचा मामा.

"आणि टाकून दे म्हणून कोण म्हणालं?"

तो पायाकडे बघत राहिला. मी आवाज चढवला, "लाज नाही वाटली?" तेव्हा तो खरोखर गोंधळून म्हणाला, "सर, तुमीच तं म्हन्ले, इंग्रजीत टाक."

मी परत खुर्चीत बसलो, रस्त्याकडे तोंड करून.

त्याच दुपारी कागदाची प्रिंट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी जीपनं त्यांच्या वस्तीवर गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण अंगणात बसल्यावर माझ्या तोंडून माफीऐवजी व्याख्यानच सुरू झालं. पासवर्ड, प्रश्न, त्याची पद्धत. पोरीचा बाप ऐकून घेत होता. आई चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊ, माह्या माहेराच्या नावानं कुलूप घातलं, तवा मला तं इचारायचं. मी सांगितलं असतं, ते समद्यांना ठावं हाय म्हनून."

खरंच, तिला एका शब्दानं विचारलं असतं तरी पुरलं असतं. बायकोला विचारलं असतं, चहावाल्याला विचारलं असतं, तरी पुरलं असतं. मी मासिकाला विचारलं होतं.

तेवढ्यात मामा आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होतीच. तो खाटेवर बसला आणि म्हणाला, "झालं गेलं. पोरगं चुकलं. पन आता जागा तं गेली ना? मग कागदाला काय चाटायचं? पोळा झाला की साखरपुडा करून टाकू."

पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. बापानं माझ्या हातातली पिशवी घेतली. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं ती उलटसुलट करून बघितली आणि मला विचारलं, "मास्तर, हे कवा आलं?"

मी तारीख सांगितली.

"म्हंजे पोळ्याच्या आत."

"आत."

"मंग झालं," तो मामाला म्हणाला. "मी जागा म्हन्लो नव्हतो, कागद म्हन्लो व्हतो. कागद आला. आता ती शिकंल."

मामा खाटेवरून उठला, बहिणीकडे न बघता गेला. पोरीनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तेव्हा ती रडली. मीही रडलो, आणि बापानं मला पाणी दिलं.

पोळ्यानंतर आम्ही चौघं नांदेडला जाऊन आलो. तिथल्या ऑफिसात एक बाई होत्या. मी त्यांना सगळा प्रकार सुरुवातीपासून सांगितला, अगदी चपलांपासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?" मी म्हणालो, "मी हिला सुरक्षितता शिकवतो." बाईंनी चष्मा काढून मला नीट बघितलं. मग पोरीला म्हणाल्या, "यंदाच्या जागा भरल्या. मार्क चांगले आहेत, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर." एक वर्ष गेलं. माझ्या एका प्रश्नापायी गेलं.

त्या दिवाळीला तिच्या आईला माहेराहून कोणी न्यायला आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही नाही. पोरीचं वर्ष नंतर भरून निघालं. हे भरून निघालं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

नांदेडहून आल्यावर पोरीचा नवा आयडी काढायचा होता. मी सवयीनं मशीनपाशी बसलो, तर ती म्हणाली, "सर, उठा." मी उठलो. "तिकडं तोंड करा." केलं. "भाईर उभे ऱ्हावा." मी बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहिलो. तिनं आपला प्रश्न आपण निवडला, उत्तर आपण टाकलं. आयडी भिंतीवर लावू दिला नाही. जाताना मी विचारलं, "उत्तर काय टाकलंस? खरंच टाकलंस ना?" ती म्हणाली, "काहून खरं टाकायचं सर? खरं तं समद्यांना ठावं हाय." तीस वर्षांचा होऊन, दोन मासिकं लावून मला जे सुचलं नव्हतं ते तिला एका झटक्यात सुचलं. उत्तर खोटं असलं तरी चालतं, फक्त आपल्याला आठवलं पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीवरचे आयडी काढले आणि एकेका गिऱ्हाइकाला बोलावून प्रश्न बदलायला लावले. कोणी कारण विचारलं की सांगायचो, "माझी चूक झाली." हे वाक्य पहिल्या दहा जणांना सांगताना जड गेलं, नंतर जमलं.

पुढच्या वर्षी ती दुकानात आली नाही. एकाही बाजाराला नाही. पुन्हा अर्ज केला की नाही, कागद आला की नाही, मला काही कळेना. मी रजिस्टर उघडून तिचं नाव शोधायचो आणि स्वतःवरच चिडायचो.

पोळा होऊन गेल्यावर एका बाजाराला तिचा बाप आला. कमरेला धुतलेलं धोतर, हातात पेढ्यांचा पुडा. चपला बाहेर काढून आत आला.

"मास्तर, पोरगी लागली नर्सिंगला."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. "कागद आला? कुठं आला? माझ्याकडे तर आली नाही."

"हिंगोलीला जाऊन काढायची. दर आठवड्याला. म्हने, तिथं माह्या आईला कोनी वळखत न्हाई."

मला लागलं ते. लागायलाच हवं होतं. सेनगाव सोडून, बसचं भाडं घालून, दोन तास वाया घालवून ती माझ्या दुकानापासून लांब जात होती, आणि माझ्याकडे शिकलेल्या कोणीही इतकं शहाणपणाचं काही केलेलं नव्हतं. मी पुड्यातला एक पेढा घेतला.

तिच्या बापाला मी काका म्हणायचो. काका जवळ सरकले. "पोरीनं सांगून धाडलं, सरांना पेढे नेऊन द्या. पन कोनत्या गावाला लागली, ते सांगू नका."

"बरोबर आहे तिचं," मी म्हणालो.

"तुमाला सांगायला काय झालं? तुमी घरचे. आवं, ते ह्ये हाय ना..." काकांचा आवाज चढला. बूथमध्ये पुण्याला बोलताना लोकांचा चढायचा, तसा. माझ्या मागं तिन्ही मशीनवरच्या बोटांचे आवाज थांबले होते. दारात कोणीतरी चपला काढता काढता उभं राहिलं होतं. "...त्या स्टँडाच्या मागं मोठं हास्टेल हाय, तिथं खोली..."

मी पुड्यातून दोन पेढे एकदम उचलले आणि काकांच्या तोंडात कोंबले.

काका डोळे मोठे करून माझ्याकडे बघत चावत राहिले. मी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं, चपला पायात सरकवून दिल्या आणि साखऱ्याच्या जीपमध्ये बसवलं. पोरगी कोणत्या गावाला शिकली, ते मला आजही माहीत नाही.